पडद्याचा दाह विझवणारी प्रोटीन्स डोळ्यातच बनतात, मग ती बाटलीत कधी येणार? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर लिहिताना ओघात एक वाक्य लिहिलं होतं की पडद्याच्या पेशी स्वतःच दाह कमी करणारी प्रोटीन्स बनवतात आणि त्यातल्या एकावरून आता ड्रॉप्स बनवायचा प्रयत्न चाललाय. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. नावं घेत नाही, फक्त गाव लिहिते. आणि सांगलीच्या काकांचं पत्र सगळ्यात आधी घेते कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

प्रश्न (सांगली): मॅडम नमस्कार. वय ६१, शुगर १४ वर्षांपासून. दोन महिने झाले उजव्या डोळ्याने पेपरच्या ओळी वाकड्या दिसतात. आमच्या डॉक्टरांनी स्कॅन काढून सांगितलं की पडद्यावर सूज आहे, इंजेक्शन घ्यावं लागेल, एक नाही तर दर महिन्याला एक असं चार-पाच तरी. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. मुलाने मोबाईलवर दाखवलं की अमेरिकेत डोळ्यातल्याच नैसर्गिक प्रोटीनपासून ड्रॉप्स शोधलेत, सुई नको काही नको. मग मी ते येईपर्यंत थांबलो तर चालेल का?

उत्तर: काका, थांबू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचा पण ही ओळ आधी वाचा आणि मुलाला पण दाखवा.

का ते सांगते. शुगरमुळे पडद्याच्या मधल्या भागाला, ज्याला आम्ही मॅक्युला म्हणतो, सूज येते तेव्हा तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागलेल्या असतात आणि ते पाणी पेशींच्या मधे साठतं, म्हणून ओळी वाकड्या दिसतात. परदेशात झालेल्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये अशाच पेशंटपैकी काहींना पहिली दोन वर्षं खोटं इंजेक्शन दिलं गेलं, म्हणजे सुई न टोचता नुसता दाब, आणि दोन वर्षांनी खरं औषध सुरू केलं. त्यांची सूज उतरली, पण नजर मात्र सुरुवातीपासून औषध मिळालेल्यांच्या जवळपास पण परत आली नाही. सूज उतरवता येते हो, पण सुजेत बुडून मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत.

आता मुलाने जी बातमी दाखवली ती खोटी नाहीये, आणि मला स्वतःला ती वाचून खूप आनंद झाला होता, म्हणून नीट सांगते.

पडद्याच्या मागे काळपट रंगाच्या पेशींचा एकच थर असतो, आरपीई म्हणतात त्याला. आपल्याला दिसतं ते ज्या पेशींमुळे, म्हणजे रॉड आणि कोन, त्यांची सगळी देखभाल हा थर करतो, त्यांना खायला घालतो, त्यांचा कचरा उचलतो. या पेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग गाळून टाकतात आणि तो सगळा हा थर गिळून पचवतो, रोज, जन्मभर. १९८९ मध्ये अमेरिकेत जॉयस टॉम्ब्रन-टिंक आणि लिंकन जॉन्सन यांनी माणसाच्या आरपीई पेशी डिशमध्ये वाढवल्या आणि त्या ज्या पाण्यात वाढल्या ते नुसतं पाणी डोळ्याच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं. तर त्या पेशी वेड्यासारख्या वाढायच्या थांबून नर्व्हच्या पेशींसारखे तंतू फोडायला लागल्या. म्हणजे या थराने पाण्यात काहीतरी सोडलेलं होतं. ते जे काहीतरी होतं तेच पीईडीएफ नावाचं प्रोटीन, पिगमेंट एपिथेलियम डिराइव्ड फॅक्टर, सरळ मराठीत रंगद्रव्याच्या थरातून निघालेला घटक.

पुढे १९९९ मध्ये कळलं की हेच प्रोटीन नको त्या नवीन रक्तवाहिन्या फुटू देत नाही. मग २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या संशोधकांनी शुगर असलेल्या उंदरांवर काम करून दाखवलं की हे प्रोटीन दाह पण कमी करतं. पडद्यात दाह पेटवणारे जे निरोप असतात, टीएनएफ अल्फा, एमसीपी-१ वगैरे, ते याच्यामुळे खाली येतात आणि रक्तवाहिन्यांची गळती कमी होते. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे शुगरने पडदा खूप खराब झालेल्या पेशंटच्या डोळ्यातल्या द्रवात हे प्रोटीन कमी झालेलं सापडतं आणि त्याच्या उलट काम करणारं व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन वाढलेलं असतं. एक विझवणारा आणि एक पेटवणारा, आणि शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की विझवणारा थकतो असं समजा.

ड्रॉप्सची बातमी २०२५ ची. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये पॅट्रिशिया बेसेरा यांचा गट या एका प्रोटीनवर कित्येक वर्षं काम करतोय. अख्खं प्रोटीन मोठं असतं, डोळ्यात थेंब टाकला तर ते पडद्यापर्यंत पोचत नाही, वरच्या वर अश्रूंबरोबर वाहून जातं. म्हणून त्यांनी त्या प्रोटीनचा नेमका कामाचा तुकडा शोधला, फक्त १७ अमिनो आम्लांचा, आणि त्यात एका जागी बदल करून तो अजून जोरकस केला, त्याला एच१०५ए असं नाव आहे. हे थेंब उंदरांच्या डोळ्यात टाकल्यावर तासाभरात औषध पडद्यापर्यंत पोचलं. जन्मतःच पडदा झिजायचा आजार असलेल्या उंदरांमध्ये उपचार मिळालेल्यांच्या ७५ टक्क्यांपर्यंत प्रकाश पकडणाऱ्या पेशी शाबूत राहिल्या आणि ज्यांना नुसतं पाणी दिलं त्यांच्या फार थोड्या राहिल्या.

हे छानच आहे. पण काका, एक, ते उंदीर होते. दोन, त्यांचा आजार वेगळा होता, वंशातून आलेला, तुमचा शुगरचा आहे. तीन, उंदराचा डोळा मिरीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो, थेंबाला मागच्या पडद्यापर्यंत जायला अंतर ते किती, आपला डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब आहे. माणसाच्या डोळ्यात तेवढं औषध मागे पोचतं का हे माणसांवरच तपासावं लागेल आणि त्याला वर्षं जातात. तुमच्या पडद्याकडे तेवढी वर्षं नाहीयेत.

आणि सुईच्या भीतीबद्दल. माझ्या वडिलांनी पण हेच केलं होतं, डोळ्यात सुई नको म्हणून आठ महिने मला न सांगता टाळत राहिले, मी डोळ्यांची डॉक्टर असून मला कळलं तेव्हा डावा डोळा बराच गेलेला होता. म्हणून मी या बाबतीत कुणालाच हळू आवाजात सांगत नाही. आधी बधिर करायचे ड्रॉप्स टाकतात, मग बीटाडीनने धुतात, आणि सुई आत असते ती काही सेकंद. बहुतेक पेशंट दुसऱ्या वेळेला स्वतः चालत येऊन आडवे पडतात. इन्फेक्शनचा धोका असतो, पण तो दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी, आणि नंतरच्या दिवसांत डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा नजर एकदम धूसर झाली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

अजून एक सांगते, कदाचित तुम्हाला बरं वाटेल. या इंजेक्शनांपैकी अफ्लिबरसेप्ट नावाचं जे आहे ते शरीरातल्याच नैसर्गिक प्रोटीनच्या तुकड्यांनी बनलंय. पेशींवर व्हीईजीएफला पकडणारे जे हात असतात त्यांचे दोन तुकडे घेऊन अँटिबॉडीच्या शेपटीला जोडलेत, ते डोळ्यात जाऊन पेटवणाऱ्या व्हीईजीएफला पकडून ठेवतात. तेव्हा नैसर्गिक प्रोटीनचं औषध पाहिजे असेल तर एक प्रकारे ते आत्ताच आहे, फक्त ते सुईतून येतं. तुमच्यासाठी कुठलं इंजेक्शन, हे तुमचे डॉक्टर स्कॅन आणि खर्च दोन्ही बघून ठरवतील, यातली एक-दोन औषधं भारतात बनलेली आणि बरीच स्वस्त पण मिळतात, तसं मोकळेपणाने विचारा. आणि तीन महिन्यांची शुगर, ब्लडप्रेशर, किडनीचा रिपोर्ट, हे तिन्ही बरोबर घेऊन जा.

प्रश्न (लातूर): मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दाह म्हणजे लाल होणं, गरम होणं, दुखणं, सुजणं असं शिकलोय. पण रेटिनाला दाह होतो तेव्हा डोळा लाल पण होत नाही आणि दुखत पण नाही, मग त्याला दाह कसं म्हणायचं? आणि डोळा स्वतःची वेगळी प्रोटीन्स का बनवतो, बाकी शरीरासारखंच का नाही?

उत्तर: फार छान प्रश्न विचारलास, आणि तुझ्या प्रश्नाने मला आपल्या भाषेतली एक अडचण पण आठवली. आपण सूज आणि दाह दोन्हीला सूजच म्हणतो. पडद्यावर सूज म्हटलं की पेशंटला वाटतं पाणी साठलंय, पण कधी पाणी नसतंच, पेशींमध्ये धुमसणं चालू असतं. निखाऱ्यावर राख बसलेली असते ना, वरून काही दिसत नाही, हात जवळ नेला की कळतं, तसं. रेटिनामध्ये दुखणं कळवणाऱ्या नर्व्हच नाहीत, म्हणून तो न दुखता खराब होतो आणि म्हणूनच तपासल्याशिवाय कळत नाही.

आता हे धुमसणं कोण करतं तर पडद्यात राहणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. या पडद्याच्या स्वतःच्या पहारेकरी पेशी. शांत असतात तेव्हा त्यांना लांब नाजूक फांद्या असतात आणि त्या फांद्या हलवत त्या सतत आजूबाजूला चाचपत असतात. कुठे पेशी मेली, काही बिघडलं की फांद्या आखडून गोल होतात आणि तिकडे सरकतात, कचरा खातात आणि मदतीसाठी निरोप सोडतात. हे थोडा वेळ झालं तर चांगलंच आहे. शुगर, वय, सिगरेट, जीन्समधला दोष, यांमुळे हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की पहारेकरीच घर फोडायला लागतो.

त्यांना शांत ठेवायला डोळ्याने बरीच सोय करून ठेवलीये. पडद्याच्या नर्व्ह पेशी आपल्या अंगावर सीडी२०० नावाचं प्रोटीन बाळगतात, मायक्रोग्लियाच्या अंगावर त्याला बसणारा रिसेप्टर असतो, दोघांची गाठ पडली की मायक्रोग्लियाला निरोप मिळतो की सगळं ठीक आहे, गप्प बस. फ्रॅक्टलकाइन नावाचं अजून एक प्रोटीन तसंच काम करतं. नर्व्ह पेशी मेल्या की हे निरोप बंद होतात आणि शांतता जाते. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की शांत ठेवायला पण सारखं काहीतरी बोलत राहावं लागतं, नुसतं कुणी त्रास दिला नाही म्हणून पेशी शांत राहत नाहीत. याशिवाय टीजीएफ बीटा नावाचं दाह आवरणारं प्रोटीन आहे, अल्फा एमएसएच नावाचा फक्त १३ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड आहे, त्वचेचा रंग गडद करणाऱ्या हार्मोनच्याच घरातला, तो डोळ्यात दाह कमी करायचं काम करतो. आणि वर काकांना सांगितलेलं पीईडीएफ तर आहेच.

एवढी सगळी सोय का, तर डोळ्याला दाह परवडत नाही. कातडीवर जखम झाली, दाह झाला, चार पेशी जास्त मेल्या, व्रण राहिला तरी काम चालतं. डोळ्यात व्रण राहिला तर तिथलं दिसणंच गेलं. पडद्याच्या नर्व्ह पेशी पुन्हा बनत नाहीत, आणि वजनाच्या मानाने ऑक्सिजन सगळ्यात जास्त खाणाऱ्या भागांमध्ये रेटिना येतो, म्हणजे आधीच तापलेलं इंजिन. म्हणून डोळा शरीराच्या संरक्षण दलाला थोडं लांबच ठेवतो. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशांच्या डोळ्यात दुसऱ्या सशाची कातडी लावून बघितली, इतर ठिकाणी लगेच झिडकारली जाणारी कातडी डोळ्यात टिकून राहिली. याला इम्यून प्रिव्हिलेज म्हणतात, म्हणजे रोगप्रतिकारातून मिळालेली खास सवलत. मेडावरना नंतर १९६० मध्ये नोबेल मिळालं, ते परक्या पेशी सहन करायला शरीराला शिकवता येतं या शोधासाठी. आधी वाटायचं की डोळा म्हणजे नुसती बंद खोली आहे म्हणून आत कुणी येत नाही. नंतर कळलं की खोली बंद आहे हे अर्धंच खरं, आतले लोक सारखं शांततेचं काम करत असतात, आणि ते काम ही प्रोटीन्स करतात.

तुला यात पुढे काम करायचं असेल तर इम्युनॉलॉजी मन लावून शिक आणि जमेल तेव्हा एखाद्या आय बँकेत जाऊन दान मिळालेल्या डोळ्यांवर काम कसं चालतं ते बघ. हैदराबादचं एल व्ही प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, या तिन्ही ठिकाणी दवाखान्याला लागून प्रयोगशाळा आहेत आणि तिथे तुझ्यासारखी बीएस्सी, एमएस्सी केलेलीच मुलं काम करतात.

प्रश्न (डोंबिवली): आई ७४ वर्षांची आहे, तिला ड्राय मॅक्युलर डिजनरेशन आहे, डॉक्टर म्हणाले याला इंजेक्शन नाही, गोळ्या घ्या आणि दर सहा महिन्यांनी दाखवा. सोसायटीतल्या एकांनी एक पावडर दिलीये, तीन हजारांचा डबा, म्हणे यात नैसर्गिक प्रोटीन आहे जे रेटिनाच्या पेशींमधला दाह कमी करतं. आईला ती पावडर दुधातून देऊ का? आणि हा आजार दाहाचा आहे का वयाचा?

उत्तर: ताई, डबा परत करता आला तर करा. प्रोटीन कुठलंही असो, अंड्याचं, डाळीचं, पावडरचं, पोटात गेलं की पचून त्याचे छोटे तुकडे होतात आणि रक्तात जातात ती सुटी अमिनो आम्लं. स्वेटर उसवून लोकर झाली की ती लोकर कुठल्या स्वेटरची होती हे विणणाऱ्याला कळत नाही, तसं शरीराला कळत नाही की हे डोळ्याच्या प्रोटीनमधून आलं का तुरीच्या डाळीतून. आणि समजा अख्खं प्रोटीन रक्तात शिरलंच तरी पडद्याच्या रक्तवाहिन्यांना एक घट्ट अडसर असतो, तो मोठ्या रेणूंना आत सोडत नाही. म्हणूनच तर आम्हाला सुई टोचावी लागते, नाहीतर आम्ही पण दुधातूनच दिलं असतं. आईचं एकूण खाणं कमी असेल तर प्रोटीन जरूर वाढवा, अंगात ताकद राहील, पडणार नाही, पण ते डोळ्याचं औषध म्हणून नाही.

आता हा आजार, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची, मॅक्युलाची झीज, दाहाचा का वयाचा. दोन्हीचा, आणि हे कळलं ती हकीकत सांगण्यासारखी आहे. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन्सची एक साखळी असते, जंतू आले की ती पेटते आणि त्यांना भोकं पाडते. ही साखळी थोडी थोडी कायम पेटलेलीच असते, त्यामुळे आपल्याच पेशी भाजू नयेत म्हणून तिला ब्रेक लागतो. तो ब्रेक म्हणजे फॅक्टर एच नावाचं नैसर्गिक प्रोटीन, यकृतात बनतं आणि वर सांगितलेल्या आरपीई पेशी पण बनवतात. २००५ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी जवळपास एकाच वेळी जाहीर केलं की मॅक्युलर डिजनरेशन झालेल्या लोकांमध्ये या प्रोटीनचं एक ठराविक रूप खूप जास्त सापडतं. ४०२ नंबरच्या जागी टायरोसीन असायला पाहिजे तिथे हिस्टिडीन बसलेलं. बाराशेच्या वर अमिनो आम्लांच्या साखळीत एक मणी वेगळा, बस, आणि त्याने ब्रेक नीट लागत नाही, पडद्यामागे साठलेल्या कचऱ्याला हे रूप नीट धरू शकत नाही, दाह धुमसत राहतो. आई आणि वडील दोघांकडून हेच रूप आलं तर धोका कित्येक पटींनी वाढतो. तोपर्यंत लोक याला निव्वळ झीज समजायचे, म्हातारपण म्हणून सोडून द्यायचे. आईच्या पडद्यावर डॉक्टरांनी पिवळट ठिपके दाखवले असतील, ड्रुसेन म्हणतात, त्या ठिपक्यांमध्ये पण या कॉम्प्लिमेंटचे तुकडे सापडतात.

मग चांगला फॅक्टर एच बाहेर बनवून डोळ्यात टोचला तर? सगळ्यांच्या मनात हाच विचार आला, तसा ट्रायलही झाला, पण तो पुढे गेला नाही. त्याऐवजी साखळीतल्या पुढच्या कड्या बांधणारी दोन इंजेक्शनं अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली, पेगसेटाकोप्लॅन आणि अवासिनकॅप्टॅड, ड्राय प्रकारात पेशी मरून जो मोकळा डाग पडतो त्याच्यासाठी. त्यांनी डाग वाढायचा वेग काही प्रमाणात कमी होतो, गेलेली नजर येत नाही, आणि पेगसेटाकोप्लॅनला युरोपच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये नकार दिला कारण पेशंटच्या रोजच्या दिसण्यात फरक पडतोय असं त्यांना दिसलं नाही. मला तो नकार पटतो. ७४ वर्षांच्या बाईला महिन्या-दोन महिन्याला डोळ्यात सुई टोचायची असेल तर तिला पोथी वाचता येतेय का, नातवाचा चेहरा दिसतोय का, यात काहीतरी फरक पडला पाहिजे, नुसत्या फोटोतला डाग लहान राहून काय उपयोग.

गोळ्यांबद्दल मात्र तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांवरून, २००१ आणि २०१३ चे, हे मिश्रण ठरलंय: ल्युटीन १० मिलिग्रॅम, झियाझँथीन २, व्हिटॅमिन सी ५००, ई ४०० युनिट, झिंक आणि थोडं तांबं. आजार मधल्या टप्प्यावर असेल तर तो शेवटच्या टप्प्यात जायचा धोका याने साधारण पाव भागाने कमी होतो. डब्यावर हे आकडे आहेत का बघा. जुन्या फॉर्म्युल्यात बीटा कॅरोटीन असायचं, सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून घरात कुणी ओढत असेल आणि तोच डबा वापरणार असेल तर तो घेऊ नका. पालक, मेथी, शेपू, शेवग्याचा पाला, मक्याचं कणीस, अंड्याचा पिवळा भाग, हे ताटात असू द्या, तीन हजारांत किती पालेभाजी येते बघा.

आणि फ्रिजवर एक चौकटींचा कागद लावा, गणिताच्या वहीचं पान चालेल, मधे पेनाने ठिपका. आईने रोज चष्मा लावून एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. ज्या दिवशी रेषा वाकड्या किंवा मधे डाग असं दिसेल त्याच आठवड्यात दाखवायचं, कारण ड्राय प्रकार कधी कधी ओल्या, म्हणजे नवीन रक्तवाहिन्या फुटून गळणाऱ्या, प्रकारात बदलतो आणि त्याला मात्र इंजेक्शन आहे आणि ते चांगलं लागू पडतं.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्या डोळ्यात मागच्या बाजूला दाह आहे म्हणून स्टेरॉईड दिलंय. स्टेरॉईडची भीती वाटते. त्यापेक्षा हे नैसर्गिक प्रोटीन देता येणार नाही का?

उत्तर: थोडक्यात सांगते. स्टेरॉईड जे काम करतं त्यातलं काही आपल्याच एका नैसर्गिक प्रोटीनमार्फत करतं, त्याचं नाव अ‍ॅनेक्सिन ए१. स्टेरॉईड गेलं की पेशी हे प्रोटीन जास्त सोडतात आणि ते दाहाच्या पेशींना आवरतं. म्हणजे दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत असं नाही. भीती योग्य आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या स्टेरॉईडची नको, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्महिने टाकलेल्या ड्रॉप्सची पाहिजे. डोळा खाजतो म्हणून असे ड्रॉप्स टाकत राहून काचबिंदू झालेली, कायमची नजर गेलेली शाळेतली मुलं मी बघितलीयेत, आणि तो राग माझ्या मनातून जात नाही. तुम्ही दर भेटीला डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या, औषध मनाने एकदम बंद करू नका, आणि आपल्याकडे अशा दाहामागे कधी कधी टीबी असतो म्हणून ती तपासणी सांगितली असेल तर टाळू नका.

प्रश्न (जळगाव): मॅडम, माझा भाऊ १९ वर्षांचा आहे. लहानपणापासून रात्री कमी दिसतं, आता बाजूचं पण दिसत नाही, दारावर आपटतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा सांगितलंय आणि औषध नाही म्हणाले. आमच्या आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे, आई ही बाबांच्या मामांची मुलगी. ड्रॉप्सची बातमी याच आजाराच्या उंदरांची आहे ना? मग त्याला ते मिळवून देता येईल का, आम्ही जमीन विकायला पण तयार आहोत. मला पण हा आजार होईल का?

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हो, ते उंदीर याच प्रकारच्या आजाराचे होते, आणि म्हणून तुझी आशा खोटी नाही. पण ते थेंब आज कुठल्याही दुकानात, कुठल्याही देशात विकत मिळत नाहीत. कुणी पैसे घेऊन देतो म्हणाला, कुणी स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणाला, तर ती फसवणूक आहे, जमिनीचा एक गुंठा पण विकू नका. खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, ही खूण लक्षात ठेव.

नावात टिस, म्हणजे दाह, असलं तरी या आजाराची सुरुवात दाहापासून होत नाही, जीन्समधल्या दोषापासून होते. आधी रॉड पेशी मरतात, म्हणून रात्रीचं आणि बाजूचं आधी जातं, आणि त्या मरायला लागल्या की मायक्रोग्लिया चवताळतात आणि झीज वाढवतात. दिवसा दिसायला लागणारे कोन मात्र त्या दोषाने थेट मरत नाहीत, बहुतेकदा ते रॉड गेल्यामुळे मरतात. पॅरिसच्या होजे-अलाँ साहेल आणि थिएरी लेवेयार यांनी २००४ मध्ये दाखवलं की रॉड पेशी एक प्रोटीन सोडतात ज्यावर कोन जगतात. शेजारी गेला आणि त्याच्या घरून येणारा डबाही बंद झाला, असं आहे ते. म्हणूनच दोष कुठल्याही जीनमधला असो, बाहेरून असं सांभाळणारं प्रोटीन देऊन कोन वाचवता येतील का, यावर एवढं काम चाललंय, आणि पीईडीएफचे थेंब पण त्याच वाटेवरचे. या वाटेवर अपयश पण आलंय हे तुला सांगितलं पाहिजे. सीएनटीएफ नावाचं असंच एक प्रोटीन सोडणारी बारीक कुपी डोळ्यात बसवून बघितली, आतल्या जिवंत पेशी ते प्रोटीन सतत बनवत राहतात. तुझ्या भावाच्या आजारात तिचा फायदा दिसला नाही. पण मॅकटेल नावाच्या मॅक्युलाच्या दुसऱ्या आजारात दिसला आणि २०२५ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली, म्हणजे प्रोटीन देऊन पडद्याची झीज हळू करता येते हे माणसांमध्ये एकदा तरी सिद्ध झालंय.

आत्ता करायचं ते सांगते. त्याची जीन्सची तपासणी करून घ्या, रक्ताचा नमुना लागतो. या आजाराचे ८० च्या वर जीन्स माहीत आहेत. त्यातल्या आरपीई६५ या एका जीनसाठी २०१७ पासून अमेरिकेत जीन थेरपी मंजूर आहे, ती अतिशय महाग आहे आणि फार थोड्यांना लागू होते, पण तुझ्या भावाचा जीन कुठला हे कागदावर असेल तरच उद्या काही आलं तर त्याचं नाव त्यात घालता येईल. नात्यातलं लग्न असेल तर दोष बहुतेक दोघांकडून आलेला असतो, अशा वेळी प्रत्येक भावंडाला आजार व्हायची शक्यता चारात एक असते. तुला आत्तापर्यंत रात्री नीट दिसत असेल तर चांगली गोष्ट आहे, तरी एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घे. आणि आईबाबांना कुणी दोष द्यायचा नाही, घरातल्या मोठ्यांनी तर नाहीच.

दुसरं, त्याच्या पडद्याचा स्कॅन काढा. या आजारात मॅक्युलाला सूज येऊ शकते आणि मोतीबिंदू पण लवकर होतो, आणि या दोन्हींवर आज उपचार आहेत, सुजेला तर कधी कधी साध्या ड्रॉप्सनी पण फरक पडतो. औषध नाही असं एकदा ऐकल्यावर लोक डॉक्टरकडे जायचंच सोडतात आणि जे बरं होण्यासारखं असतं ते पण राहून जातं. व्हिटॅमिन एच्या जास्त डोसच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, त्या लिव्हरला त्रास देतात. सिगरेट असेल तर बंद, उन्हात गॉगल आणि टोपी. नजरेचा घेर मोजून यूडीआयडी कार्डसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी अर्ज करा, कॉलेजच्या परीक्षेला जास्त वेळ आणि सवलती मिळतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोबाईलचं वाचून दाखवणारं सेटिंग आणि पांढरी काठी, दोन्ही गरज पडायच्या आधी शिकून ठेवू दे.

आणि तो रात्री बाईक चालवत असेल तर किल्ली आजच तुझ्याकडे घे.